डाव्या अंगाची जीप

१२ नोव्हें., मंगळ.
उसाच्या ट्रॉलीनं जीप ठोकली. उभ्या गाडीला! आबांना घेऊन मी खाली उतरलो होतो म्हणून दोघं वाचलो. वळणावर ट्रॅक्टरवाल्याला मागची ट्रॉली आवरली नाही. पुढचं डावं चाक आत घुसलंय. चार शिव्या घातल्या, पाचवी घालणार तर तो बाप्या रडायलाच लागला. आबा बघत होते. म्हणाले, "कुणाची रं गाडी?"

१३ नोव्हें.
टोचन लावून जीप कागलहून कोल्हापूरला, उद्यमनगरात. दस्तगीर मिस्त्री खाली आडवा होऊन बराच वेळ बघत होता. हात पुसत बाहेर आला. "पत्र्याचं सोडा, चेसीच वाकलीया. सांगाडा हलला की समदं हललं." किती दिवस? "बघू की. गाडी हाय, चपाती न्हवं." तोंडाचा फटकळ. मला बरा वाटला.

१६ नोव्हें.
शोभा म्हणाली, "अवं, मामंजी सकाळ झाली की जीपच्या मोकळ्या जागंत जाऊन उभं ऱ्हात्यात."
काय सांगू तिला. एरवी आबा मला कधी त्यांचा भाऊ समजतात, कधी कोणीच नाही. पण रोज गिरणी उघडायच्या आधी मळ्याच्या पाणंदीनं एक फेरी असायची. चालवायला आबा, पहिला गिअर, मी शेजारी, माझा हात हँडब्रेकवर. स्टेअरिंग हातात आलं की म्हणायचे, "बाळ्या, नीट बस." त्या फेरीपुरता मी त्यांचा पोरगा, बाळ्या. तेवढंच राहिलं होतं.

२१ नोव्हें.
गॅरेजला गेलतो. बॉडी उतरवून बाजूला, नुसती चेसी साखळदंडानं जमिनीला जखडलेली. मिस्त्री कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी दोरी धरतो, मग दुसऱ्या कोपऱ्यातून. दोन्ही दोऱ्या सारख्या आल्या की चेसी सरळ. जॅक लावून ओढली की येतात. साखळी ढिली केली की परत मूळ पदावर. "जुनं लोखंड, लई हट्टी." तापवून का घेत नाही म्हटलं तर उसळला, "मऊ करू व्हय? पुढच्या खड्ड्यात दोन तुकडं!" मी जोंधळं दळणारा, मला काय कळतंय त्यातलं.

२७ नोव्हें.
आबांनी शोभाला विचारलं, ह्यो दाढीवाला कोण राहतोय आपल्याकडं? दाढी करून आलो. काही उपयोग नाही.

३ डिसें.
मिस्त्रीचा फोन. नुसता खूश. "ह्या चेसीला जुना मार बी हुता, ट्रॉलीच्या लई आदुगरचा. डावीकडं दबलेली. त्यो बी काढला की! दोऱ्या एकदम सारख्या." म्हटलं, लई भारी.
मग आठवलं. गाडी शिकवताना आबा म्हणायचे, "ही डाव्या अंगाला ओढती. हात दोन बोटं उजवीकडं ठिवायचा." मला वाटायचं सगळ्याच गाड्या अशा. मार कधीचा? आई असती तर सांगितलं असतं.

९ डिसें.
जीप आली! हायवेला स्टेअरिंग जरा सोडून बघितलं, सुतात जाते. गल्ली गोळा झाली. आबा तेवढे झोपलेले. उद्या फेरी. लहान पोरासारखं झालंय मला.

१० डिसें.
आबा आपणहून चढले. गिअर बरोबर पडला. मी कान देऊन बसलो, आता म्हणतील, आता म्हणतील. गाडी उजवीकडं वळत थेट उसात. हँडब्रेक ओढला. मागं घेऊन परत निघाले, परत उसात. हात तेच, दोन बोटं उजवीकडं. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला.
"ही आमची न्हवं."
आबा, हीच हाय की.
"आमची गाडी मला कळत न्हाय व्हय?"
उतरले आणि चालत घरी गेले. मी तसाच उसात बसून राहिलो. बोंबलायचं तरी कुणाच्या नावानं? मिस्त्रीनं तर चांगलंच केलं. लई रडू आलं.

११ डिसें.
मिस्त्रीला म्हटलं, होती तशी वाकवून द्या. "येडं का खुळं तुम्ही? जन्म गेला सरळ करण्यात, वाकडी मागणारं तुम्हीच पहिलं!" मग आबांचं सगळं सांगितलं. तो हातातला पाना उगाच पुसत बसला.
"चेसीला आता हात लावणार न्हाय. पुढची चाकं डावीकडं ओढतील अशी लावतो. पर किती?"
किती ते मला माहीत नाही. कुणालाच नाही.
"मग त्यास्नीच आणा."

१३ डिसें., शुक्र.
आबांना गॅरेजला नेलं. जीपमध्ये बसवल्याबरोबर दोन्ही हात आपल्या जागी गेले. मिस्त्रीनं स्टेअरिंगवर खडूनं खूण केली आणि खाली शिरला. मागच्या मोकळ्या पटांगणात फेरी मारायची, परत आणायची, परत तो खाली. मी उगाच मधे मधे "अजून जरा" म्हणत होतो. मिस्त्रीनं एकदा नुसतं बघितलं माझ्याकडं.
शेवटच्या फेरीला हात उजवीकडं आणि गाडी सरळ! आबांच्या कपाळावरची आठी गेली. पटांगणाच्या टोकाला सावकाश गाडी थांबवली, माझ्याकडं वळले, छान हसले.
"काय पावणं, कुठं सोडू?"
कागलला, म्हटलं.
"आमच्याच वाटंवर हाय की. नीट बसा."
उद्या पाणंदीनं नेऊन बघतो. पटांगण काय, परकी जागा. पाणंदीला कदाचित…