अडतीस अंशांची पेटी

दि. ९ मार्च, दुपारी सव्वाबारा

चि. धाकट्यास,

आशीर्वाद लिहायची सवय आहे म्हणून लिहितो. लागले नाहीत तर माझी हरकत नाही. तुझं पत्र आणि सहीसाठी पाठवलेला कागद पोचला. माझी प्रकृती उत्तम. तुझी तू बघ, डॉक्टर तू आहेस.

उत्तराआधी यादी देतो. या प्रयोगशाळेत मी स्वतःच्या हातांनी काय काय बनवलं? घोड्याच्या नाकातून थेट फुप्फुसात उतरणारी पावणेतीन मीटरची नळी, टोकाला मऊ फुगा. बंद पडलेल्या फ्रिजचं उबवणी कपाट. पंख्याच्या मोटरवर चालणारं, पेशी तळाला बसवणारं यंत्र. आणि पत्र्याची ती पेटी, जी त्या नळीने फुप्फुस धुऊन काढलेलं, पेशी असलेलं पाणी चालत्या गाडीत सहा तास अडतीस अंशांवर ठेवते. साडेसदतीस नाही, अडतीस. घोड्याच्या अंगाची ऊब तेवढी असते. पदवी माझ्याकडे एकही नाही. तू परीक्षेनंतर माळ्यावर फेकलेली पुस्तकं मी वाचली, एवढंच.

तुझ्या शोधनिबंधात माझ्या वाट्याला दोन शब्द आले: 'तांत्रिक साहाय्य'. मी ते मोजले.

आता त्या निबंधाबद्दल. घोड्याच्या फुप्फुसात राखण करणाऱ्या पेशी असतात. जिवाणू दिसला की गिळायचा आणि पोटात जिरवायचा, हे त्यांचं काम. तू जगाला सांगितलंस की मोठ्या घोड्याच्या पेशी हे करतात, पण शिंगरांच्या पेशी जिवाणू गिळतच नाहीत. साफ खोटं. गिळतात. जिरवता येत नाही त्यांना. शत्रूला घरात घेऊन दार लावतात, आणि शत्रू आतच संसार थाटतो.

तुला उलटं का दिसलं? मोठ्या घोड्यांचे नमुने शेजारच्या तबेल्यातून आले, गरमागरम. शिंगरांचे चार तासांच्या गाडीतून आले, बर्फात. बर्फातली पेशी मरत नाही, पण तोंडही उघडत नाही.

तो मंगळवार आठवतो? मी गरम पेटी गाडीत ठेवत होतो. बाहेरून आलेले तुझे तीन पाहुणे उभे होते.

"दादा, ते भंगार नको रे. बर्फाचा डबा आणलाय ना मी!"

"बर्फ कशाला?"

"नासू नये म्हणून. दूध नाही का ठेवत आपण?" आणि पाहुण्यांकडे वळून, "आमचे थोरले. सगळं पत्र्यातून बनवतात. सोडलं तर घोडासुद्धा बनवतील."

हसले सगळे. तू सगळ्यांत मोठ्याने.

इथपर्यंत लिहून मी चहा करून आलो. पुढचं लिहायचं टाळत होतो, हे कबूल करतो.

बर्फाने काय होईल हे मला तेव्हाच माहीत होतं. माझ्या वहीच्या सत्तेचाळिसाव्या पानावर ते आठ महिने आधी लिहिलेलं आहे. संध्याकाळी तू तो डबा माझ्या टेबलावर ठेवलास. मी नमुने मोजले, आकडे तुझ्या हाती दिले, आणि एक शब्द बोललो नाही. मनात म्हटलं, पड तोंडावर.

तू पडला नाहीस. तुझं कौतुक झालं. त्या आकड्यांवर तू औषध ठरवलंस, पेशीच्या बाहेरचे जिवाणू मारणारं. आत ते शिरतच नाही. मागच्या महिन्यात त्या औषधावरचं पहिलं शिंगरू गेलं. नऊ आठवड्यांचं, कपाळावर पांढरा ठिपका. फुप्फुसाचा तुकडा मी स्वतः काचेवर घेतला. एकेका पेशीत वीस-पंचवीस जिवाणू, सगळे धडधाकट. दीड वर्षं गप्प राहून मी ते शिंगरू मारलं. तुझ्याइतकंच मी.

अजून चौदा शिंगरांना तेच औषध चालू आहे. काल पैदास केंद्राच्या व्यवस्थापकाला फोन केला. म्हणाला, "डॉक्टरसाहेबांनी लेखी दिल्याशिवाय मी थांबवणार नाही." आणि डॉक्टरसाहेब माझ्या सहीसाठी थांबलेत! 'बर्फ तंत्रज्ञाने स्वतःच्या मनाने वापरला' यावर माझी सही झाली, की तू निबंध मागे घेणार. रविवारी याच स्टुलावर बसून वर म्हणालास, "दादा, तुला काय फरक पडतो? तुला कोण ओळखतं?"

आज दोन पाकिटं पाठवली. एक नियतकालिकाच्या संपादकांना, एक त्या व्यवस्थापकाला. दोन्हींत वहीची पानं, बर्फाची हकिगत आणि मी गप्प राहिल्याची कबुली. खाली माझी सही. शिंगरं तुझ्या सोयीसाठी थांबणार नाहीत.

तुझा कागद सही न करता परत करतो. पुन्हा त्या स्टुलावर बसायला येऊ नकोस. तोही मीच बनवलेला आहे.

तुझा नाही, पण थोरला भाऊ

ता. क. पुढे कोणी विचारलं तर नोंद असावी. सहीच्या बदल्यात तू देऊ केलेलं आणि मी नाकारलेलं: मुख्य तंत्रज्ञाची कायम जागा, त्या नळीला माझं नाव, आणि बारा लाख.