बिनआकड्याचे व्हॉल्व्ह

१० ऑक्टोबर

पेटी धुतली! एकतीसच्या एकतीस व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओतले काचेचे. कोमट पाण्यात साबण टाकला, मऊ फडकं घेतलं, लेकराले न्हाऊ घालावं तसा एकेक धुतला. आमच्या ह्यायचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद झाल्यापासून त्या पेटीले कोणाचा हात नाही — वरून काजळी, आतून पालीच्या लेंड्या. आता सुपात मांडले तर काय चमकून राह्यले!

तनुजा येते ना दिवाळीले. नातीन माही, नागपूरले नोकरीवर. फोनवर ह्यायले म्हणे, "आबा, मले साडी नको. तुमचं ते प्रीॲम्प द्या." तिचा बाप त्याले भंगार म्हणते, आन् पोरगी मागून घेते! तवापासून माहे पाय जमिनीवर नाहीत. प्रीॲम्प म्हणजे मोठ्या मशीनच्या आधीची लहान मशीन. रेकॉर्डमधलं गाणं पह्यले तिच्यात जाते, तिथं जोर धरते, मग पुढं. यायनं सोताच्या हातानं बनवलेली. पण आता उजवीकडून खरखर करते. जोडीनं दोन व्हॉल्व्ह बदला लागतात.

हे पलंगावर, काळा चष्मा लावून. परवा वाशीमले मोतीबिंदू काढला. उजव्या डोळ्याचा. डावा तर तरणेपणीच गेला, दुकानातच. म्हणजे हा एकच. डॉक्टरनं सांगितलं — तपासणी होईपर्यंत बारीक काम बंद.

बेसन आणाचं राह्यलं.

११ ऑक्टोबर

आकडे गेले. देवा, आकडेच गेले!

१२ ऑक्टोबर

काल तेवढंच लिहून वही ठेवली. आज कालचं सगळं लिहिते.

हे पलंगावरून म्हणाले, "अवं, पेटीतून ई सी सी ८३ चे दोन काढून ठेव. ८२ नको घेऊ, त्याले जोर कमी. दोघंही दिसाले सारखेच." माही शाळा तिसरीपर्यंत, पण व्हॉल्व्हवरची इंग्रजी मले येते. तीस वर्षं दुकानात यायच्या हाताखाली बसली — हे मागत, मी देत. चष्मा लावून पेटी उघडली. एक घेतला, फिरवला. कोरा. दुसरा कोरा. एकतीसही कोरे! काचेवरचं पांढरं अक्षर फडक्यासंगं निघून गेलं आन् मले दिसलंही नाही.

"सापडले काय?"

"हो. सापडले."

तोंडातून निघून गेलं. पन्नास वर्षांत यायच्याशी खोटं बोलली ते भिशीचं आन् बहिणीच्या साडीचं. हे तिसरं. हे व्हॉल्व्ह यायनं मुंबई-इंदुराहून एकेक करून आणले. आता कोणी बनवत नाही म्हणतात. ह्यायले कळलं तर? रागावतीन त्याचं नाही काही. गप बसतीन, त्याचं भेव.

१३ ऑक्टोबर

तनुजाले हळूच फोन लावला, गोठ्यामांगं जाऊन. आधी हासलीच.

"आजी, तू व्हॉल्व्हले आंघोळ घातली?"

"हास तू! तुह्या आबाले काय दाखवू मी?"

मग तिनं मोबाईलवर शोधून सांगितलं — फ्रिजमधे ठेव, थंडे झाले का बाहेर काढून तोंडाची वाफ सोड, गेलेलं अक्षर घडीभर दिसते. ठेवले कोथिंबिरीच्या बाजूले. सूनबाई म्हणे, आई हे काय? म्हटलं, गोमूत्राच्या बाटल्या. कायचं काय बोलली मी!

वाफ सोडली. चोवीसावर काहीच नाही. सातावर दिसलं — ई, सी, सी, ८ — आन् शेवटचा आकडा पुसलेला. सातही तसेच. शेवटचाच मी जोरात घासला असन.

१४ ऑक्टोबर

हे दोनदा म्हणाले, "पेटी दे इकडं, हातात तरी घेतो." दोन्ही खेपा चकलीचं पीठ सांगून टाळलं. पीठ अजून दळलंही नाही.

१६ ऑक्टोबर

आज तपासणीची तारीख. भाऊसिंग — तांड्यावरचा लाउडस्पीकरवाला, यायचा जुना दोस्त — यायले घेऊन सकाळच्या एसटीनं वाशीमले गेला. मी म्हटलं, मले फराळाचं आहे. त्यायची पाठ फिरली आन् मी कडी लावली.

डावीकडचा जुना व्हॉल्व्ह चांगला बोलते, तो ८३ आहे हे माहीत. तो तसाच राहू दिला. उजवीकडं सातातला एकेक लावून पाह्यला. दर खेपेले बंद कराचं, गार होऊ द्याचं, मग काढाचा — आत करंट राहते, हे यायनंच शिकवलेलं. एकच रेकॉर्ड. दोन भोंग्यांच्या मधात मोढा टाकून बसली. पह्यला लावला — उजवीकडून आवाज बारीक, जसा कोणी तोंडावर पदर धरून बोलते. म्हणजे ८२. दुसरा तसाच. तिसरा लावला आन् दोन्हीकडून सारखं! अंगावर काटा आला. असे चार बारीक निघाले, तीन बरोबर. मग पेन्सिलीनं टिचकी मारून पाह्यली. त्या तिनातला एक भोंग्यात घंटीसारखा वाजला — आतून ढिला, तो बाद. राह्यले दोन.

दोनच पाह्यजे होते!

माह्या कानानं निवडले. कोणाले सांगता येत नाही, म्हणून इथं लिहून राह्यली. एकटीच हासली.

संध्याकाळी आले. काळा चष्मा निघाला. डॉक्टर म्हणे चांगलं आहे, हळूहळू साफ दिसन.

१७ ऑक्टोबर

मी चुलीपाशी. पेटीच्या झाकणाचा आवाज आला. हे खाटेवर बसून, पेटी मांडीवर, हातात भिंग. आता ओरडतीन, मंग ओरडतीन... चकली जळाली. शेवटी झाकण लावलं. "पेटी चांगली पुसली," एवढंच म्हणाले.

वाचली मी! म्हणजे पाह्यलंच नाही त्यायनं नीट.

१८ ऑक्टोबर

नाही वाचली. यायले कळलं.

भाऊसिंगले बोलावून मीटर, सोल्डरिंगचं सामान, सगळं टेबलच त्याच्या ऑटोत टाकून दिलं. भाऊसिंग म्हणे, "काहून बापूराव? संन्यास घेता काय?" हे म्हणाले, "बसाचं आता. लय झालं." माह्याकडं पाह्यलं नाही. चहा अर्धा ठेवला. हे असंच रागावतात. बोलतीन तर मी पाय धरीन, पण बोलत नाहीत.

१९ ऑक्टोबर

तनुजा आली! बारीक झाली पोरगी. आल्या आल्या प्रीॲम्प लावली. मीच व्हॉल्व्ह बसवले, हे बाजूले बसून. खरखर नाही, काही नाही. तनुजा डोळे मिटून आयकत बसली. मले रडू आलं.

"आबा, जोडी कशी निवडली?"

"मले काय इचारते? तुह्या आजीनं आकडे वाचून काढले. तिची नजर चांगली हाय."

तनुजानं माह्याकडं पाह्यलं. मी लाडू वळत राह्यली.

२० ऑक्टोबर

सकाळी तनुजा चुलीपाशी आली. म्हणे, "आजी, आबा मले म्हणाले, भिंगातूनही एक अक्षर दिसलं नाही. तुह्या आजीले दिसते, मले नाही. ऑपरेशन वाया गेलं, आजीले सांगू नको."

तीन दिवस हेच मनात धरून बसले! तशीच बाहेर गेली, हाताले पीठ. यायले म्हटलं, "अजी, त्याच्यावर अक्षर नाहीच. मी धुतले. सगळे."

यायनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मांडीवर घेतलं, आन् आजच्या चौकटीतलं बारीक अक्षर मोठ्यानं वाचत गेले. सूर्योदय. सूर्यास्त. खाली छापखान्याचा पत्ता, तोही वाचला. मग पान उलटलं.