वेळ नसलेला राग

ब्रह्मपुरी,
११ ऑक्टोबर १९५४

चि. सौ. इंदिरा हिस गुणवंताचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझ्या शालीचे हरण झाले आहे. दुपारी जिच्याखाली मी डोळे मिटून पाणिनीचे चिंतन करतो (तू त्याला घोरणे म्हणतेस), ती शाल गेले पंधरा दिवस एका वीणेच्या अंगावर आहे. माझ्याच तखतावर वीणा शाल पांघरून निजते आणि तुझा वडील भाऊ खाली चटईवर. ही व्यवस्था तुझ्या भाचीने, रंभेने केली. गोदामातून आणलेल्या वीणेला ओल लागू नये म्हणून, म्हणे.

वीणा सिरोंचाच्या शेषय्यांची. आमच्या गायन समाजाने यंदा नव्या संगीताचा हंगाम मांडला आहे. नवा धान येईपर्यंत नानाजींच्या गिरणीचे गोदाम रिकामे असते, तिथे दर रविवारी असे काही ऐकायचे की जे कुणाच्या आजोबांनी ऐकलेले नाही. सभेला मी उशिरा पोचलो, म्हणून चिटणीस झालो. शेषय्या हंगामभर आमच्याकडे पाहुणे, कारण कांदा न घालता स्वयंपाक होणारे दुसरे घर समाजाला सापडले नाही.

पहिल्या रविवारी नागपूरचे एक गवई तासभर एकही शब्द न उच्चारता गायले. शब्द विसरला बिचारा, म्हणून बायांनी हळहळ केली. मग दंडारीच्या खेळात ढोलकी वाजवणाऱ्या झाडूला वीणेशेजारी बसवले, ते लोकांना पटले. काल मात्र शेषय्यांनी स्वतः रचलेला राग वाजवला. उमाजी पाटील मध्येच उठले आणि त्यांना म्हणाले की मास्तर, हा राग कोणत्या वेळचा ते आधी सांगा. बिनवेळेचं ऐकून राह्यलो आणि घरी काही बरंवाईट झालं तर जिम्मा कोणाचा. शेषय्यांनी भाबडेपणाने सांगितले की वेळ अजून ठरवली नाही. झाले. निम्मी सभा चपला शोधू लागली.

मी उभा राहिलो आणि अनुष्टुभात एक श्लोक म्हटला, की शरदातल्या दिवसाच्या तिसऱ्या प्रहरी हा राग गावा, ऐकणाऱ्याचे धान्य वाढते. श्लोक तिथेच केला होता. धान्याचे ऐकून मंडळी खाली बसली. पाटलांनी पागोटे उतरवून वीणेला नमस्कार केला. मागे तंबोऱ्यावर रंभा होती. ती हसली, असे झाडू सांगतो. लग्नाच्या वर्षातच कुंकू पुसून माघारी आल्यापासून तिला हसताना मी पाहिलेले नाही. कालही माझी पाठ होती.

लोभ आहेच, तो तंबोऱ्यासारखा अधूनमधून जुळवून घेत जा.

तुझा,
गुणवंत

ता. क. शेषय्यांनी काल रात्री रंभेला मागणी घातली. शास्त्र आडवे येते, असे मी सांगितले. विषय संपला. मात्र हंगाम संपेपर्यंत ते जाऊ शकत नाहीत, मी त्यांना घालवू शकत नाही आणि रंभा स्वयंपाकघराबाहेर येत नाही.


राजुरा,
१६ ऑक्टोबर १९५४

ती. गुणवंतभाऊंस इंदिरेचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचले. श्लोकाचे वाचून आमच्याकडे हे इतके हसले की चहा सदऱ्यावर सांडला. तो डाग तुमच्या नावावर.

भाऊ, तुमची खरी गोष्ट नेहमी ता. क. मध्ये असते. वहिनीचे शेवटचे दुखणेसुद्धा तुम्ही मला असेच कळवले होते, पावसापाण्याचे सगळे सांगून झाल्यावर, खाली कोपऱ्यात.

म्हणून मी वरूनच सुरुवात करते. ज्या रागाला वेळ नव्हती, त्याला तुम्ही भरसभेत उभ्या उभ्या शास्त्र करून दिलेत. पाटलांनी पागोटे उतरवले. मग पोटच्या पोरीपाशी येऊन तेच शास्त्र आडवे काऊन पडते? चोवीस वर्षांची पोर आहे. तिच्यासाठी एक अनुष्टुभ जमत नसेल तर इतकी वर्षे काशीला काय केलेत?

लोक बोलतील हे मला ठाऊक आहे. पाटील बोलतील, नानाजी बोलतील, आमच्या सासूबाई तर दोन्ही घरांच्या वाटणीचे बोलतील. ते मी ऐकीन, मला सवय आहे. तुम्ही रंभेला विचारलेत का, एवढेच कळवा. आणि दुसरे काही आडवे येत असेल, तर त्याचे नाव लिहा.

रागावलात तरी पत्र धाडा. रागाच्या पत्राला तिकीट तेवढेच लागते.

तुमची,
इंदू


ब्रह्मपुरी,
२५ ऑक्टोबर १९५४

चि. सौ. इंदू हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हंगाम काल आटोपला. आज सकाळी नानाजींचे हमाल लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची पोती घेऊन गोदामाच्या दारात उभे. आमचे बसायचे पाटसुद्धा उचलू देईनात. काल पाटील स्वतः शेषय्यांना आग्रहाने म्हणाले की मास्तर, तो तिसऱ्या पहाराचा राग होऊन जाऊ द्या, औंदा पीक बरं हाय. श्रोत्यांत तीन गावे होती. रंभा तंबोऱ्यावर बसली, पण नजर तारांवरून हलली नाही.

तुझ्या पत्रानंतर मी तिला विचारले. ती म्हणाली की बाबा, तुम्ही सांगाल ते. असे उत्तर आले की माणसाला वाटते आपण किती चांगले बाप आहोत. मीही दोन दिवस तेच वाटून घेतले.

काल सभेहून आलो तर तखत मोकळे आणि माझी शाल उशाशी घडी करून ठेवलेली. वीणा गवसणीत घालून दाराशी. शाल परत मिळावी असे मी तुला तक्रारीने लिहिले होते. मिळाली, तर पांघरवेना.

आज पहाटे उठून ती मी पुन्हा वीणेवर घातली. मला बांधाबांध येत नाही, तुला ठाऊक आहे. रंभा चूल पेटवायला आली आणि तिने पाहिले. तिने माझ्या हातातले टोक घेतले, नीट खोचले आणि आत गेली. चूल पेटवायची राहिलीच, आणि तिचे खरे उत्तर मला तिथे मिळाले. शेषय्यांची गाडी परवा आहे. तोवर दोघांना समोर बसवून हो म्हणायचे आहे. श्लोकात नाही, साध्या मराठीत. तू भाऊबिजेला येशील तेव्हा मुहूर्ताचे बोलू. सासूबाईंना घेऊन आलीस तरी चालेल; त्यांचे बोलणे ऐकायला एकाला दोघे होऊ.

माया राहू दे, आणि या खेपेला ती जरा जास्त लागेल.

ता. क. मुद्दाम लिहीत नाही. जे आहे ते इथेच. शास्त्र कधीच आडवे आले नव्हते, इंदू. रंभा गेल्यावर या घरात मी एकटा राहीन, आणि मला ते जमणार नाही अशी भीती वाटते.

तुझा,
गुणवंत