धाकटीचा अर्ज

प्रिय आई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

धाकटीला तिथलं कॉलेज सोडायला लावून मी नोकरी करते त्या कॉलेजात नर्सिंगला घालायचं म्हणतेस. तिचा अर्ज पोहोचला, पण मी तो पुढे दिलेला नाही. रागावू नकोस.

आलेल्यांना प्रवेश घ्यायला राजी करणं, हेच माझं काम. सोमवारी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. तिचं पहिलं वर्ष दुसरीकडे झालं होतं. त्यांनी विचारलं, "इथल्या नर्सिंगला मान्यता आहे ना?"

मान्यता अजून आलेली नाही. 'येईलच' म्हणायचं, असं आम्हाला शिकवलंय. महिनाभर मी तेच म्हणत होते. पण ती मुलगी धाकटीसारखीच वेणीचं टोक चावत बसली होती. मी बोलून गेले, "काका, अजून नाही. आहे तिथेच राहू द्या तिला."

साहेबांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मला जुन्या फायलींच्या खोलीत बसवलंय. काम हलकं आहे. पुढच्या महिन्याचं मात्र काही कळलेलं नाही. बाबांना बदली झाली म्हणून सांग, बढती म्हणू नकोस.

धाकटीला तिथेच शिकू दे. माझ्या शब्दावर अकरा मुलींनी इथे प्रवेश घेतलाय. काल त्यांच्यातल्या तिघींना फोन करून खरं सांगितलं. उरलेल्या आठजणींना आज करते.

गुडघ्याला जप.

तुझी थोरली