उतू गेलेला तारा

सर, कर्वेनगरच्या तुमच्या स्वयंपाकघरात गॅसवर दोन पातेली कायम एकमेकांना खेटून असायची. मोठ्यात दूध, शेजारच्या बसक्यात चहाचं पाणी. काकू गेल्यावर तुम्ही स्वतः चहा करायला शिकलात आणि तो एक दिवस सोडता कधीच चांगला झाला नाही, हे आता सांगायला हरकत नाही. आम्ही दोघं तो निमूट प्यायचो. दोघं, कारण त्या वर्षी तुमच्या टेबलाशी माझ्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची आली होती, आणि ती मला पहिल्या दिवसापासून खुपत होती.

मी तुमच्या हाताखाली भौतिकशास्त्र शिकवायचो, पण जीव सगळा शाळेतल्या कवितांत. एकदा सातवीतली एक कविता तुम्हाला चालीवर म्हणून दाखवली, तर तुम्ही म्हणालात, "चाल छान आहे. आता अर्थ सांग." तरीही ताऱ्यांवरचं मराठी पुस्तक लिहायला घेतलंत तेव्हा भाषा माझ्याकडे सोपवलीत, आणि मी आठवडाभर हवेत होतो. मग कॉलेजात ते दोन संगणक आले. चपला बाहेर काढून आत जायचं, एवढा त्यांचा थाट. आम्ही प्राध्यापक लांबूनच बघत राहिलो, आणि आमचा प्रयोगशाळा सहायक, धायरीहून सायकलवर येणारा, माझ्याच वयाचा गडी, पुस्तकं वाचून वाचून त्यावर तुमची गणितं करायला लागला. ती नवी खुर्ची त्याची. मला तुम्ही 'अरे' म्हणायचात, त्याला 'अहो'. मी मनाला समजवायचो, की 'अरे'त माया असते. पण तुम्ही "अहो, हे बघा जरा" म्हणून कागद त्याच्याकडे सरकवलात, की मी माझ्या कागदावरची ओळ उगाच पुन्हा गिरवत बसायचो.

अवघड प्रकरण होतं जोडताऱ्यांचं. तुम्ही म्हणायचात, "आपण तारा एकटा धरून शिकवतो, कारण एकट्याचं गणित सोपं. पण सूर्याच्या वीस-तीस पट जड तारे बहुधा एकटे नसतातच. त्यांचं आयुष्य शेजारी ठरवतो." थोरला आधी म्हातारा होतो, फुगतो, त्याची हद्द संपते तिथून त्याचं द्रव्य धाकट्याकडे वाहायला लागतं. थोरल्याचा नुसता तापलेला गाभा उरतो. धाकटा जड होतो, गरगर फिरतो, पुन्हा तरणा दिसायला लागतो. यावर मी लिहिलं होतं, 'जोडीदार तारा त्याचं द्रव्य ओरबाडतो.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात, "अरे, हे तारे आहेत की भाऊबंदकी?"

मी दुसरा शब्द शोधतोय, तुम्ही माझ्याकडे बघताय, आणि गॅसकडे कुणाचंच लक्ष नाही. दूध वर आलं, काठावरून ओघळलं आणि सरळ शेजारच्या पातेल्यात. सहायक उठला, त्यानं गॅस बंद केला आणि फडकं शोधता शोधता म्हणाला, "ह्ये बघा सर, असंच हाय की तुमच्या ताऱ्याचं. शेजारचा काय ओरबाडत न्हाई. ह्याचंच उतू जातंय, त्याला कोन काय करनार?" तुम्ही लहान मुलासारखे हसलात. "उतू जातं! लिही, लिही." मी लिहिलं. माझ्याच अक्षरात, माझ्याच पेनानं. त्या दिवशीचा चहा तेवढा बरा झाला होता, तोही मला कडू लागला.

संगणक त्याचा, गणित तुमचं, माझं म्हणून एक मराठी होतं. तेही तो ओटा पुसता पुसता घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात त्यानं छापून आणलेला दोन्ही ताऱ्यांच्या वजनांचा आलेख तुम्ही भिंतीला लावलात. एक रेघ उतरती, एक चढती, मध्ये फुली. "इथून पुढं धाकटाच थोरला दिसतो," तो म्हणाला. तुम्ही म्हणालात, "दिसतो. नुसतं बघणाऱ्याला वाटतं, तेज पहिल्यापासून त्याचंच."

पुस्तक छपाईला गेलं तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळला होतात. मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली. प्रस्तावनेच्या शेवटी तुम्ही लिहिलं होतं, 'उतू जाणे हा शब्द आमच्या प्रयोगशाळा सहायकांचा. याहून नेमका शब्द आम्हा कुणालाच सुचला नसता.' आम्हा कुणालाच. डीटीपीवाल्याला मी म्हटलं, "ह्या शेवटच्या दोन ओळी काढा. पुढच्या पानावर जातात." तो म्हणाला, "बसवतो की हो." मी म्हटलं, "नको. काढा." छापील प्रत तुमच्या हातात दिली, तेव्हा तुम्ही प्रस्तावनेच्या पानावर बोट फिरवत खाली आलात, तिथं थांबलात, आणि म्हणालात, "मुद्रितं छान तपासलीस." ते कौतुक होतं की पुणेरी, मला आजवर कळलेलं नाही. महिन्याभरात तुम्ही गेलात.

तो पुढे सॉफ्टवेअर कंपनीत गेला. मी त्या शब्दावर जगलो. शाळाशाळांतून बोलावणी येतात, 'उतू जाणारे तारे' सांगायला. परवा तुमच्या जुन्या घराजवळच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये बोललो. शेवटी टाळ्या थांबल्यावर बघतो तर दारात तो, नातीचं बोट धरून. केस पांढरे, हसणं तेच. नातीनं विचारलं, "आजोबा, हा भारी वर्ड कुणाचा?" मी टेबलावरचे कागद गोळा करायला लागलो. तो म्हणाला, "ह्यांचाच. आमच्यात मराठी ह्यांचं." आणि माझ्याकडे वळून, "सरांचा चहा आठवतो का हो? काय भयंकर करायचे!"

सर, तो खरंच विसरला होता, की मला देऊन टाकत होता? डोळ्यांत काही दिसलं नाही. मी सत्तरीचा माणूस, घरी येईपर्यंत मला त्याचा हेवाच वाटत होता. ज्याचं उतू जातं, त्याला विसरताही येतं. मी मात्र तिथं मान हलवली. नातीकडे बघून 'हो' म्हणालो.

हे पत्र कुठं पाठवणार? पुस्तकात ठेवतोय, त्या पानात. ठेवताना पान पुन्हा पाहिलं. तुमच्या सहीखाली चांगली दोन बोटं कोरी आहेत. जागा होती, सर.