थोडा पडलेला सूर

बाबा, आमच्या रॉक बँडनं एक प्रेमाचं ब्लूज गाणं रेकॉर्ड केलं. ब्लूज म्हणजे रडायचं, पण तालात. नवरीच्या पाठवणीला तुम्ही क्लॅरिनेटवर तेच करायचात, फक्त त्याला नाव नव्हतं. बँड म्हणजे पन्नाशीला टेकलेले आम्ही चौघं. हिंगोलीत रॉक ऐकणारेही बहुधा तेवढेच.

चाल तुमची आहे, तुमच्याच लग्नातली. कळमनुरीच्या मांडवात पाठवणीला तुमच्याच बँडपथकातला गडी फार कोरडं वाजवत होता, ते तुम्हाला सोसलं नाही. बाशिंगासकट उठून तुम्ही त्याच्या हातातलं क्लॅरिनेट घेतलं. मामा तडकला, "नवरदेव हाय का बँडवाला?" तुम्ही वाजवता वाजवताच मान हलवलीत, दोन्हीला. आई भाकरी थापताना हे रागानं सांगायची आणि मग तीच चाल गुणगुणायची. तुम्ही गेल्यापासून ती गुणगुणत नाही. मला रडू आलं नाही, तिला गाणं आलं नाही. घर शांत असतं. शेजारी कौतुक करतात.

तिनं एकदा ती चाल ओळखावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मित्राच्या हळदीच्या गोदामात आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या आणि त्या चालीत तुमचा एक सूर खालून उशिरा वर चढायचा, तो मी गिटारची तार ओढून आणला. रेकॉर्डिंगवाल्यानं कॉम्प्युटरवर तो सरळ करून टाकला. थोडा पडत होता सर, म्हणाला. मीही मान हलवली. मला तेव्हाही काही वाटलं नाही, चहा कधी येतोय एवढंच पाहत होतो.

आई तूर निवडत होती. मोबाईलवर शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "हे काहून एवढं नीट वाजून राहिलं?"

दुसऱ्या दिवशी जाऊन तो सूर होता तसा ठेवायला लावला. लोक चूक समजतील, असं रेकॉर्डिंगवाल्याचं म्हणणं. म्हटलं, समजू दे, आमच्या घरचा संसार त्या चुकीवरच झाला.

काल पुन्हा ऐकवलं. तो सूर आला तशी तिची बोटं सुपात थांबली. डोक्यावर पदर ओढून घेतला, तुम्ही लग्नं वाजवून घरी आलात की घ्यायची तसा.

हा कागद तुमच्या क्लॅरिनेटच्या पेटीत राहील. दुसरीकडे कुठं पाठवणार? मला अजून काही वाटत नाही, बाबा. फक्त तिनं पदर घेतला तेव्हा मी दाराकडे बघितलं.