बायकांच्या पैशाचा रस्ता

माय, तू सरपंच झालीस तेव्हा सगळ्यांत जास्त हसलं ते आपलंच घर. जागा बाईसाठी राखीव, म्हणून दादांनी बायकोचं, म्हणजे तुझं, नाव दिलं आणि खुर्चीवर स्वतः बसले. मिटिंग मारुतीच्या पारावर व्हायची. वर सासरा, दीर, भाऊबंद. म्हणून गावची सरपंच खाली मातीत, पदर ओढून, पाठमोरी! काय थाट म्हणावा! सही तेवढी तुझी लागायची. ती मीच तुला शिकवली होती, परातीतल्या पिठात बोट धरून. तुझ्यापेक्षा मलाच ती चांगली यायची.

त्या वर्षी बायकांसाठी राखलेला पैसा आला. तुला संडास बांधायचे होते; दिवसभर पोट आवळून बसणं काय असतं ते तुला ठाऊक होतं. गड्यांना हवा होता रस्ता, कारण वाळूजला जाणारी कंपनीची बस फाट्यावरच थांबायची. रस्त्याच्या ठरावाचं रजिस्टर तुझ्या सहीसाठी घरी आलं. तू चुलीपुढून उठलीच नाहीस. "आधी संडास, मग तुमची बस."

"लई शहाणी झाली व्हय?" दादा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "शहराच्या नामांतरावरून तिथं रोज दगडफेक चालू हाय. तुला कालिजात धाडायचं का नाय, ते आता तुझ्या मायच्या सहीवर."

तू पाण्याला गेलीस. रजिस्टर तिथंच होतं. मी तुझी सही केली. आणि रजिस्टर दादांना नेऊन दिलं गं.

हापशावर बाया तुला तोंडावर बोलल्या, "बाई असून बायकांच्याच तोंडचं काढलंस!" मी घागर धरून मागं उभी. तू म्हणालीस, "व्हय, मीच केली सही." घरी येताना मला एवढंच विचारलंस, "पुस्तकं कवा आणायची?" तुला कळलं होतं. पाच वर्षं तू त्या बायांत मान खाली घालून वावरलीस आणि मी त्याच रस्त्यानं कॉलेजला गेले.

आता मी फुलंब्रीकडच्या गावांत ग्रामपंचायतींच्या महिला सदस्यांना प्रशिक्षण देते. बायकांचा निधी बायकांवरच खर्च झाला पाहिजे, न वाचता सही करू नका, असं बजावते. तुझी गोष्ट सांगते. टाळ्या पडतात. पुढच्या गावात पुन्हा तीच सांगते. दुसरं काही सांगताच येत नाही मला.

आज एक नवी सरपंच उठली. "मॅडम, एवढी ठाम बाई, मग शेवटी सही का केली तिनं?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "घाबरली असेल."